मुराळी सुरतेहून यायचा

बावन्न वर्षांच्या बाईला माहेरी न्यायला भाऊ येतो, याचं आमच्या शाळेतल्या नव्या शिक्षिकांना हसू येतं. त्या पुण्याकडच्या. त्यांच्याकडे मुली मनात आलं की स्कूटी काढतात नि आईकडे जातात. आमच्याकडे, तापीकाठच्या गावांत, दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. त्या माणसाला मुराळी म्हणतात, आणि तो आला की बाईला मूळ आलं असं म्हणतात. कुणी न्यायला आलेलं नसताना सणाला आपणहून माहेरी गेलेल्या बाईकडे गाव कोणत्या नजरेने बघतं, ते मी लहानपणीच पाहिलं होतं. मी शिकले, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, पोरांना शुद्ध मराठी शिकवून माझा घसा बसला. पण मुराळ्याशिवाय सणाला माहेरी जायचं नाही, हे माझ्या डोक्यातून गेलं नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा ताठाच होता.

माझा मुराळी सुरतेहून यायचा. वडील साखर कारखान्यात पहारेकरी होते. ते गेले, कारखान्याची खोली सोडावी लागली, आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान असलेला भाऊ आईला घेऊन सुरतेला गेला. तिथे तो हिरे घासायला शिकला. पुढे आई तिथेच वारली. त्यामुळे माझं माहेर म्हणजे नदीकाठचं घर नाही, परसातला आंबा नाही. सुरतेच्या एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावरची दीड खोली, एवढंच माझं माहेर.

पण मूळ यायचं ते रीतसर. पहाटेच्या गाडीने तो नंदुरबारला उतरायचा, तिथून एसटीने शहादा, शहाद्याहून आमच्या गावी. हातात पिशवी. पिशवीत एक साडी, नारळ आणि सुरतेच्या नानखटाईचा डबा. ओट्यावर बसून पाणी प्यायचा, सासूबाई होत्या तोवर त्यांना आणि त्या गेल्यावर आमच्या ह्यांना मान खाली घालून म्हणायचा, "ताईले लेवाले वनू." हे मुद्दाम दोन मिनिटं गप्प राहायचे आणि मग "लई जा" म्हणायचे. नाही म्हणण्याचा प्रश्नच नसायचा, पण विचारायचं ते विचारायचंच.

आणि मग खरी मजा. आम्ही दोघं गल्लीतून निघालो की शेजारची म्हातारी दारात बसलेली असायची. माझ्यासोबत कोण आहे ते तिला चांगलं दिसायचं. तरी ती विचारायची, "कोन वना वं लेवाले?" मीही थांबून, पदर सावरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायची, "भाऊ वना." तीस वर्षं पोरांची हजेरी घेतली, पण तो आवाज मी शाळेत कधी लावला नाही.

भावाचं काम म्हणजे एक फिरती तबकडी. तिला घंटी म्हणतात. तिच्याभोवती चौघं बसतात आणि तांदळाच्या कणीएवढ्या हिऱ्याला पैलू पाडतात. पंचवीस वर्षं तो त्याच घंटीवर होता. त्याला विचारलं, की हे हिरे घालतं कोण, तर म्हणायचा, "अमेरिकाना लोके." त्याच्या बायकोच्या नाकात खडा होता, तो काचेचा. यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नाही. आम्ही कापूस पिकवतो आणि शर्ट टेरिकॉटचे घालतो, तसंच ते.

त्या ऑगस्टात अमेरिकेने आपल्या मालावर कर लावल्याच्या बातम्या यायला लागल्या. आधी पंचवीस टक्के, मग पन्नास. हे संध्याकाळी मोबाइल पुढे धरून मोठ्याने वाचायचे आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. अमेरिका कुठे, आमचं गाव कुठे, असं मला वाटत होतं. तेवढ्यात दुसरी बातमी आली. परदेशातून येणाऱ्या कापसावरचा कर आपल्या सरकारने काढून टाकला, कपड्याच्या गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून. त्या दिवशी ह्यांनी मोबाइल बाजूला ठेवला. आमच्या शेतात कापसाला तेव्हा बोंडं धरत होती.

मला अर्थशास्त्र कळत नाही. मी चौथीपर्यंतच्या पोरांना शिकवते. पण तिकडच्यांनी कर लावला म्हणून भावाच्या कामावर गदा येणार आणि इकडच्यांनी कर काढला म्हणून आमच्या कापसाचा भाव खाली, हे ऐकून मी हात टेकले. लावला तरी आमच्याच घरात, काढला तरी आमच्याच घरात. हा विचार मी तेव्हा बोलूनही दाखवला नाही. वेचणीला बाया मिळत नव्हत्या, शाळेत कसल्या कसल्या माहित्या भरून द्यायच्या होत्या, आणि मी थकलेली होते.

दिवाळीच्या आठ दिवस आधी भावाचा फोन आला.

"ताई, औंदा माले येवाले जमाव नही. कामले सुट्टी नही."

मी फक्त "बरं" म्हटलं. तो पुढे काही बोलणार होता, पण मी फोन ठेवून दिला. मला मनस्वी राग आला होता. आई गेली त्या वर्षीसुद्धा त्याने मूळ चुकवलं नव्हतं, आणि आता कामाला सुट्टी नाही! मी फराळ केला, आकाशकंदील लावला, आणि शेजारच्या म्हातारीला टाळण्यासाठी चार दिवस मागच्या दाराने ये-जा केली. हे म्हणाले, "गाडी दोन तासांत येते सुरतेहून नंदुरबारला. तूच जाऊन ये." मी म्हटलं, "मूळ आल्याशिवाय मी का जाऊ?" त्यानंतर भावाने दोनदा फोन केला, तो मी उचलला नाही.

आता लिहिताना माझी मलाच लाज वाटते. हिऱ्याचे कारखाने वर्षातून एकदा लांबलचक बंद असतात, आणि ते दिवाळीतच. आमच्या भागातलं कुठलंही शेंबडं पोर हे सांगेल. पंचवीस वर्षं तो दिवाळीत यायचा तो त्या सुट्टीमुळेच. दिवाळीत कामाला सुट्टी नाही, हे वाक्य खोटं आहे, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. पण मुराळी आला नाही या रुसव्यात मी इतकी गुंग, की माझा भाऊ माझ्याशी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलतोय, हे मला ऐकूच आलं नाही.

डिसेंबरात सारंगखेड्याची यात्रा भरली. आमचे हे दरवर्षी घोडे बघायला जातात. घेत काही नाहीत, दात तेवढे मोजून येतात. मी मागे मोटारसायकलवर. अर्ध्या तासाचा रस्ता. दत्ताचं दर्शन घेतलं, हे घोड्यांकडे वळले आणि मी दुकानांच्या रांगेत शिरले. एका ठिकाणी बायांची ही गर्दी. टेम्पोच्या मागच्या फळीवर चादरींचे ढीग, आणि कुणीतरी ओरडत होतं, "गोरा लोकेस्नी चादर, आपला भावमा! अमेरिकाले जाई ऱ्हायंती, तठे नको म्हने, आठे वनी!"

बाया हसत होत्या आणि ढीग उपसत होत्या. मीही घुसले. चादर खरंच चांगली होती. सुताचा पोत मऊ, शिवण सरळ, कोपऱ्यात इंग्रजी चिठ्ठी, तिच्यावर डॉलरमधली किंमत. शहाद्याच्या बाजारात आठशेलाही असला माल मिळाला नसता. मी मान खाली घालूनच धागे तपासत विचारलं, "कितलाले दिन्ही?"

ओरडणारा आवाज थांबला. उत्तर येईना म्हणून मी वर पाहिलं. मफलर गुंडाळलेला, दाढी वाढलेला माझा भाऊ होता.

"ताई," तो म्हणाला, "तू?"

"तू आठे काय करी ऱ्हायना?"

"शेठना माल शे. चार दिनकरता वनू." मग माझ्या हातातल्या चादरीकडे बघत म्हणाला, "घंटी बंद शे, ताई. दिवाळीना पहिलेपाईन."

म्हणजे परदेशातली मागणी थांबली, हिऱ्यांच्या शेठने कारखान्याला दिवाळीची सुट्टी वेळेआधीच दिली आणि ती सुट्टी संपलीच नाही. मग तो कापडबाजारात गठ्ठे उचलायला लागला. तिथल्या एका व्यापाऱ्याचा परदेशी जाणारा माल अडकून पडला होता. तो जत्रांमधून खपवायला त्याने टेम्पो पाठवला, आणि खानदेशातला म्हणून माझ्या भावाला सोबत दिलं. रात्री तो टेम्पोतच झोपत होता. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, तापीच्या त्या थंडीत, अमेरिकेच्या चादरी अंगावर घेऊन.

"घर काबरं नही वना?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. बाया बघायला लागल्या.

"रिकामा हातवरी कसा येऊ? साडी नही, नारय नही. तू दारशे मान वर करीसन सांगस, भाऊ वना म्हनी. मी काय तोंड लईसन उभा ऱ्हाऊ?"

मला त्याचा राग आला, मग माझा आला, आणि त्यानंतर कुणाचा करावा ते कळेना. ज्यांनी कर लावला त्यांचा करायचा, तर ते मला ओळखत नाहीत आणि मी त्यांना. मी रडले नाही. एका बाईने मला कोपराने ढकलून माझ्या हातातली चादर ओढायला सुरुवात केली होती, ती मी सोडली नाही. तो पैसे घेईना. माल शेठचा आहे, असं म्हणून मी पैसे फळीवर ठेवले आणि त्याला म्हटलं, रात्री घरी ये. तो "हा" म्हणाला. रात्री तो आला नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी परत सारंगखेड्याला गेले, तर टेम्पो पुढच्या गावी निघून गेला होता.

ती चादर आमच्या एकाही पलंगावर बसली नाही. अमेरिकेतले पलंग केवढे असतात कोण जाणे. तिन्ही बाजूंनी खोचूनही जमिनीवर लोळायची. शेवटी मी ती मधोमध कापली आणि दोन्ही तुकडे शिवून घेतले. दोन खाटांना दोन चादरी झाल्या.

त्यानंतर मी दर रविवारी त्याला फोन करायला लागले. तो म्हणायचा, संक्रांतीनंतर सुरू होईल. मग म्हणायचा, होळीनंतर. बोलणी चालू आहेत, कर कमी होणार आहे, अशा बातम्या हे वाचून दाखवायचे, आणि मी त्या भावाला सांगायची. पुढे त्याचा कारखाना उघडलाही, पण निम्म्याच घंट्या फिरल्या. बोलावणं आलं ते तरुण नजरेच्या कारागिरांना. सेहेचाळिसाव्या वर्षी डोळ्यांवर चष्मा चढलेल्या माणसाला शेठ म्हणाला, थांब, बघू. भाऊ गठ्ठेच उचलत राहिला. त्याची बायको आणि लेक घरी बसून साड्यांच्या लेस कापत होत्या. आमचा कापूस फेब्रुवारीपर्यंत घरात पडून होता, भाव चढेल म्हणून. चढला नाही, आणि त्याच्यात झालेल्या पिसवांनी अंगभर खाज तेवढी सुटली. ह्यांनी तो शेवटी गावात आलेल्या व्यापाऱ्याला देऊन टाकला.

आखाजी जवळ आली. आमच्याकडे आखाजी दिवाळीहून मोठी. झाडांना झोके बांधतात, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, आणि घरचा पुरुष पितरांच्या नावाने घागर भरतो. भावाचा फोन आला.

"ताई, औंदा तूच ये. तुले कोन काय म्हनी? मी काही लेवाले येत नही."

"आनि घागर?" मी विचारलं.

"दखू," तो म्हणाला.

त्या "दखू"ने मी घाबरले. आई-बापाची घागरसुद्धा भरायची की नाही, इथवर हा माणूस आला होता. तो आता सणांमधून, नात्यांमधून, हळूहळू उठून चालला होता. एकदा दिवाळी चुकली, आता आखाजी चुकणार, पुढच्या वर्षी फोनही येणार नाही. माझं माहेर म्हणजे दीड खोली नव्हती, तो होता, आणि तोच मला सुटताना दिसत होता. मी आपणहून गेले असते, तर त्याने मला जेवू घातलं असतं, आणि माझ्यासमोर अजून थोडा खचला असता. हेही मला कळत होतं.

रात्री जेवणं झाल्यावर मी ह्यांना म्हटलं, "मी उद्या भावाला मूळ घेऊन जाते."

"भावाला? बहीण कुठे मुराळी असते का? गाव हसेल."

"हसू दे."

हे नेहमीप्रमाणे दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "आंबे घेऊन जा. रिकाम्या हाताने जाऊ नको."

मी सांजोऱ्या तळल्या, एक शर्टपीस आणि नारळ घेतला, वर आंबे भरले. पिशवी इतकी जड झाली, की शहाद्याच्या स्टँडवर मला दोनदा खाली ठेवावी लागली. नंदुरबारला गाडीत जागा मिळाली, याचंच मला नवल वाटलं. या गाडीला एरवी पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या दिवशी डब्यात पाय पसरून माणसं झोपली होती. सुरतेला कामाला जाणारी गर्दी केव्हाच आपापल्या गावी परतून गेली होती. नवापूरला गाडी थांबली. त्या स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात नि अर्धा गुजरातेत. माझ्या आंब्यांना दोन्हीकडून कुणी काही विचारलं नाही. मी डोकं खिडकीला टेकवलं आणि सुरतेअलीकडचं उधना येईपर्यंत झोपले.

तिसरा मजला चढताना मला धाप लागली. दार भावजयीने उघडलं. खोलीभर लेसचे गठ्ठे. भाऊ भिंतीला टेकून मोबाइल बघत बसला होता. मी आत जाऊन पाणी प्यायले, पिशवी मध्ये ठेवली आणि भावजयीकडे बघून, मान खाली घालून म्हटलं, "भाऊले लेवाले वनू."

ती आधी हसली. मग तिला माझं तोंड दिसलं. तिने पदर डोक्यावर घेतला, ताटलीत गूळ आणला, आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "लई जा. आम्ही दोन्ही परवा येतस, हाई गठ्ठा दीसन."

"ताई, काय येडी व्हयनी का तू?" भाऊ म्हणाला. "बहीन कव्हय मुराळी व्हस का?"

"औंदा व्हस. ऊठ, कपडा भर. घागर आमना आंगनमा भर, तुन्हा दाजीसनी सांगं शे." ह्यांनी असं काही सांगितलं नव्हतं. पण ते मी बघून घेणार होते.

तो उठला नाही. बराच वेळ शर्टपीसची घडी उलगडत नि घालत बसला. मग आत जाऊन तोंड धुऊन आला. बऱ्याच वेळाने आला. डोळे लाल होते.

दुसऱ्या दिवशी उन्हाच्या वेळी आम्ही गावात उतरलो. मी पुढे, तो मागे, पिशवी त्याच्या हातात. म्हातारी दारात होतीच. आता तिला कमी दिसतं, पण सवय जात नाही. माझी चाहूल लागली तशी तिने मान वर केली.

"कोन वना वं लेवाले?"

मी तोंड उघडलं, आणि मला काय सांगावं ते सुचेना. मी माहेरी चालले नव्हते, परत आले होते. भाऊ न्यायला आला नव्हता. गल्लीत इतर बायाही उभ्या होत्या. मी तशीच पुढे निघणार होते, पण भाऊ माझ्या मागे थांबला. त्याने पिशवी खाली ठेवली.

"मी नही वनू, मावशी," तो म्हणाला. चांगल्या मोठ्या आवाजात, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं. "माले लेवाले मन्ही बहीन वनी."